ऑडिओ ड्रायव्हरचा पहिला रिव्ह्यू कसा करावा?

कुडाळच्या एका तरुण इंजिनिअरचा प्रश्न आहे. त्यांची छोटी कंपनी मच्छीमार बोटींसाठी बोलून इशारा देणारा संच बनवते. आत एम्बेडेड लिनक्स आहे. ऑडिओ ड्रायव्हरचा, म्हणजे आवाजाचं हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचा, सुमारे १४०० ओळींचा पॅच (कोडमधला बदल) तपासणीसाठी त्यांच्याकडे आला आहे. त्यांना सी चांगलं येतं, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) जीपीआयओ म्हणजे साध्या पिना आणि सिरियल पोर्टचं काम केलेलं आहे, पण ऑडिओला कधी हात लावलेला नाही. बोर्ड पुण्याच्या ऑफिसात आणि हे घरी. शिवाय पॅच लिहिणारे त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी ज्येष्ठ. ते विचारतात: ‘कुठून वाचू, बोर्ड नसताना तपासू कसं, आणि चूक सापडली तर सांगू कशी?’

मी तुमच्याच जिल्ह्यातली, देवगडच्या बाजूची. अठरा वर्षं ड्रायव्हर लिहिते आणि तपासते, त्यातली बारा ऑडिओची. ‘मला ऑडिओ येत नाही’ हे आधीच मान्य करून बसलेला माणूस एकेक गोष्ट विचारून घेतो, गृहीत धरत नाही, म्हणून तुमच्याकडून हा रिव्ह्यू चांगला होईल असं मला मनापासून वाटतं. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पहिलं लांबेल.

फाइल वरून खाली वाचू नका. सुरुवातीच्या चार-पाचशे ओळी म्हणजे रजिस्टरांचे (चिपच्या आतल्या सेटिंगच्या कप्प्यांचे) पत्ते, त्यांच्या मूळ किमती आणि मिक्सरच्या कंट्रोलची यादी. ते वाचतानाच डोळे थकतात आणि खरा धोका जिथे आहे तिथे पोचेपर्यंत लक्ष उडालेलं असतं. सरळ तळाशी जा. तिथे एका स्ट्रक्चरमध्ये स्टार्टअप, एचडब्ल्यू-पॅराम्स, प्रिपेअर, ट्रिगर, एचडब्ल्यू-फ्री, शटडाउन (म्हणजे उघडणं, दर-फॉरमॅट ठरवणं, तयारी, सुरू-बंद, सोडणं, मिटणं) अशी नावं असतील आणि प्रत्येकासमोर ड्रायव्हरचं एकेक फंक्शन. कोऱ्या कागदावर ती एकाखाली एक उतरवा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: हे कोण बोलावतं, बोलावताना कुठलं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरलेलं असतं, आणि किती वेळा बोलावलं जाऊ शकतं. मी आजही प्रत्येक नव्या ड्रायव्हरला हा कागद करते. पुढचं सगळं वाचन त्याच्या आधाराने चालतं.

कारण असं आहे. तुमच्या सिरियल पोर्टच्या कामात एखादी ओळ बरोबर की चूक हे बहुधा त्या ओळीकडे बघून कळत असेल. ऑडिओत ती ओळ कुठल्या वेळी चालते यावर सगळं ठरतं. रेगमॅप-अपडेट-बिट्स हा एकच कॉल घ्या. रेगमॅप म्हणजे रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याची कर्नलची सोय. रजिस्टर चिपच्या आत, मेमरीत मॅप केलेलं असेल तर रेगमॅप आतून स्पिनलॉक (न झोपता वाट बघणारं लॉक) वापरतो आणि ट्रिगरमध्ये तो कॉल बिनधोक चालतो. तेच रजिस्टर आयटूसीच्या (चिपा जोडणाऱ्या संथ) तारेपलीकडच्या कोडेकमध्ये, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपमध्ये, असेल तर रेगमॅप म्यूटेक्स (वाट बघताना झोपणारं लॉक) घेतो, आयटूसीचा व्यवहार पुरा होईपर्यंत वाट बघतो, म्हणजे झोपतो. ट्रिगरमध्ये झोपायची परवानगी नाही. ड्रायव्हरने ‘नॉनॲटॉमिक’ असं मुद्दाम जाहीर केलेलं नसेल तर ट्रिगर आणि पॉइंटर (हार्डवेअर कुठवर पोचलं ते सांगणारं) ही दोन्ही फंक्शनं स्ट्रीमचं लॉक धरून, इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) बंद असताना बोलावली जातात. एकच ओळ, एके ठिकाणी निर्धोक आणि दुसऱ्या ठिकाणी घातक.

म्हणून ट्रिगर उघडलंत की त्यातून निघणारा प्रत्येक कॉल शेवटपर्यंत धरून जा. एमस्लीप (काही मिलिसेकंद झोपणं) असेल, म्यूटेक्स असेल, जीएफपी-कर्नल लावून, म्हणजे गरज पडल्यास झोपायच्या तयारीने, मेमरी मागितली असेल, तर तो पॅच तिथेच परत. सगळ्यात जास्त वेळा सुटते ती क्लॉकची चूक: क्लॉक-प्रिपेअर-इनेबल हे एका दमात दोन कामं करतं. त्यातलं ‘इनेबल’ ट्रिगरमध्ये चालतं, ‘प्रिपेअर’ झोपू शकतं. लिहिणाऱ्याच्या बोर्डावर तो क्लॉक आधीच प्रिपेअर झालेला असेल, तर चाचणीत काही दिसत नाही. कोडेकचा म्यूट काढायचा असेल तर त्यासाठी एएसओसीमध्ये म्यूट-स्ट्रीम नावाची वेगळी जागा आहे आणि ती साधारणपणे प्रिपेअरच्या वेळी, झोपायला मोकळीक असताना चालते. आयटूसीचं काम तिथे हलवायला सांगा.

एएसओसी शब्द आला म्हणून थोडं मागचं सांगते. लिनक्सची आवाजाची व्यवस्था म्हणजे अल्सा. यारोस्लाव किसेला यांनी ते काम १९९८ मध्ये सुरू केलं. ते मुख्यतः संगणकातल्या साउंड कार्डांसाठी होतं. मोबाइल आणि छोट्या बोर्डांवर प्रोसेसर एकाचा, कोडेक दुसऱ्याचा, आणि जोडणी तिसऱ्याची. म्हणून २००७ मध्ये २.६.२१ या कर्नलात एएसओसी आलं आणि ड्रायव्हरचे तीन भाग झाले: कोडेकचा, प्रोसेसरच्या बाजूचा, आणि दोघांना जोडणारा मशीन ड्रायव्हर. ही विभागणी रिव्ह्यूमध्ये काटेकोरपणे जपा. कोडेकच्या फाइलमध्ये ‘आमच्या बोर्डावर ॲम्प्लिफायर या पिनवर आहे’ असं ज्ञान शिरलेलं दिसलं तर ते डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय याच्या नोंदीत) किंवा मशीन ड्रायव्हरमध्ये जायला हवं. आज एकच बोर्ड आहे म्हणून कुणाला त्रास वाटणार नाही. दुसरा बोर्ड आला की त्याच फाइलवर जोड मारत बसावं लागतं.

आता ‘किती वेळा’ या तिसऱ्या रकान्याविषयी. इथे मी स्वतः चुकले आहे, म्हणून तपशिलाने सांगते.

एका कंपनीने किनाऱ्यावरच्या जेट्टीसाठी घोषणा-संच केला होता. हवामानाचा इशारा आला की आधी घंटा वाजायची, मग मराठीत घोषणा. वीज सौर पॅनेलची आणि बॅटरीची. ड्रायव्हर मी तपासला होता आणि मंजूर केला होता. एप्रिल-मे उत्तम गेले. जूनमध्ये पाऊस लागला आणि पहाटे संच बंद पडलेला सापडू लागला. दोन आठवडे सगळे पॅनेल, बॅटरी आणि खाऱ्या हवेने गंजलेले कनेक्टर तपासत होते. मी शेवटी डीबगएफएसमधला क्लॉक-समरी, म्हणजे कुठला क्लॉक किती वेळा चालू केलेला आहे याचा कर्नलचा तक्ता, उघडला. संच गप्प होता, काहीच वाजत नव्हतं, आणि ऑडिओच्या क्लॉकसमोर इनेबल काउंट होता ४१. तिथे ० हवा होता.

क्लॉक एचडब्ल्यू-पॅराम्समध्ये चालू केला होता आणि एचडब्ल्यू-फ्रीमध्ये बंद. वाचताना जोडी अगदी नीट दिसते. पण घंटेची फाइल होती ४४१०० हर्ट्झची आणि घोषणा ४८००० ची. घंटा संपली की ॲप डिव्हाइस न सोडता नव्या दराने पुन्हा एचडब्ल्यू-पॅराम्स मागायचं. अल्साच्या नियमात हे पूर्ण बसतं: एचडब्ल्यू-पॅराम्स आणि प्रिपेअर कितीही वेळा येऊ शकतात, मधे एचडब्ल्यू-फ्री येईलच असं नाही. एचडब्ल्यू-फ्रीसुद्धा एकाहून जास्त वेळा येऊ शकतं. म्हणजे प्रत्येक घोषणेमागे क्लॉक दोनदा चालू आणि एकदाच बंद. ४१ घोषणा झाल्या होत्या. क्लॉक चालू म्हणून पीएलएल (क्लॉक तयार करणारं सर्किट) चालू, पीएलएल चालू म्हणून चिप गाढ झोपेत जाईना. उन्हाळ्यात पॅनेल ती तूट दिवसा भरून काढत होतं, आभाळ भरल्यावर भरेना. जेट्टीवरचा इशाऱ्याचा संच नेमका पावसात मेलेला होता, आणि ती ओळ माझ्या नजरेखालून गेली होती. हे मी विसरलेले नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती. क्लॉक स्टार्टअपमध्ये चालू करायचा आणि शटडाउनमध्ये बंद, कारण ती जोडी खरोखर जोडीने येते. किंवा रनटाइम पीएमच्या (वापरात नसलेला भाग झोपवणाऱ्या व्यवस्थेच्या) हवाली करायचा. तुमच्या पॅचमध्ये मोजून घ्यायची कुठलीही गोष्ट, म्हणजे क्लॉक, रेग्युलेटर, रनटाइम पीएमचा काउंट, मेमरी, एचडब्ल्यू-पॅराम्समध्ये किंवा प्रिपेअरमध्ये घेतलेली दिसली की थांबा आणि विचारा: हे सलग दोनदा आलं तर? रनटाइम पीएमचा आणखी एक काटा आहे: पीएम-रनटाइम-गेट-सिंक फसलं तरी काउंट वाढलेलाच राहतो. चूक आली म्हणून नुसतं परत फिरणारा कोड तो वाढलेला काउंट तसाच सोडतो. पीएम-रनटाइम-रिझ्यूम-अँड-गेट त्यासाठीच आलं, ते वापरायला सांगा.

लॉकचा रकाना यापेक्षा अवघड वाटतो, पण तिथे एक नमुना ओळखायला शिकलात तरी पुष्कळ. त्याआधी डीएमए बफर, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता हार्डवेअर जिथून आवाज उचलतं ती मेमरी, डोळ्यासमोर आणा. गुहागरला माझ्या आजोळी सुपारीच्या बागेला रहाटाचं पाणी होतं. भरलेली गाडगी वर येऊन पन्हळीत रिकामी होतात, रिकामी खाली जाऊन भरतात, माळ फिरत राहते. इथे भरणारं ॲप आणि रिकामं करणारं हार्डवेअर. ४८००० हर्ट्झ, दोन चॅनेल, १६ बिट म्हणजे सेकंदाला १९२००० बाइट. एक गाडगं, म्हणजे एक पीरियड, १०२४ फ्रेमचा धरला तर तो २१ मिलिसेकंदांत रिकामा होतो. चार पीरियडचा बफर म्हणजे सगळे मिळून ८५ मिलिसेकंद. रिकामं गाडगं वर आलं की अंडररन, आणि कानाला ‘कट्’ ऐकू येतं. प्रत्येक पीरियड संपला की इंटरप्ट येतो आणि ड्रायव्हरने पीरियड-इलॅप्स्ड बोलावून अल्साला कळवायचं असतं.

आता तो नमुना. इंटरप्ट हँडलर ड्रायव्हरचं स्वतःचं स्पिनलॉक घेतो, त्या लॉकच्या आतूनच पीरियड-इलॅप्स्ड बोलावतो, मग लॉक सोडतो. दिसायला सुरक्षित. पण पीरियड-इलॅप्स्ड आत गेल्यावर स्ट्रीमचं लॉक मागतं. दुसऱ्या कोअरवर त्याच क्षणी ट्रिगर चाललेलं असेल तर तिथे स्ट्रीमचं लॉक आधीच धरलेलं आहे आणि ट्रिगरला हवं आहे ड्रायव्हरचं लॉक. दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकले. आणखी वाईट म्हणजे दुसऱ्या कोअरचीही गरज नाही: पीरियड-इलॅप्स्डला अंडररन दिसला तर ते तिथल्या तिथे ट्रिगर-स्टॉप बोलावतं, आणि ट्रिगर तेच लॉक पुन्हा मागतं जे आपल्याच हँडलरने धरून ठेवलंय. गंमत अशी की एका कोअरसाठी बांधलेल्या कर्नलात स्पिनलॉक जवळजवळ काहीच करत नाही, त्यामुळे जुन्या एक-कोअर बोर्डावर हा ड्रायव्हर वर्षानुवर्षं चाललेला असू शकतो. तोच चार कोअरच्या बोर्डावर आणला की पहिल्या अंडररनला सगळं गोठतं. ‘आधीच्या प्रॉडक्टमध्ये हाच कोड चालतोय’ हे उत्तर मिळालं तर आधीच्या प्रॉडक्टला कोअर किती होते ते विचारा. उपाय साधा आहे: लॉकच्या आत फक्त स्टेटस वाचा, लॉक सोडा, मग पीरियड-इलॅप्स्ड बोलवा.

थांबवण्याची बाजूही बघा. ट्रिगर-स्टॉपमध्ये डीएमए पूर्ण थांबेपर्यंत वाट बघता येत नाही. तिथे टर्मिनेट-असिंक (थांबायला सांगून पुढे जाणं) एवढंच चालतं. मग बफर मोकळा होण्याआधी कुणीतरी सिंक्रोनाइज करायला, म्हणजे ते खरंच थांबेपर्यंत वाट बघायला हवं, सिंक-स्टॉपमध्ये किंवा बंद करताना. ते कुठेच नसेल तर हार्डवेअर मोकळ्या केलेल्या मेमरीतून वाचत राहतं. रेकॉर्डिंगच्या बाजूला असेल तर लिहीत राहतं, आणि ते कुठे लिहील सांगता येत नाही.

पॉइंटर हे फंक्शन बहुधा पाच ओळींचं असतं आणि त्यात तीन चुका मावतात. ते फ्रेममध्ये उत्तर देतं, बाइटमध्ये नाही. उत्तर ० पासून बफरच्या आकारापेक्षा एक कमी इथपर्यंतच असावं. हार्डवेअरचा काउंटर बरोबर शेवटावर उभा असताना वाचला तर बफरएवढा आकडा येतो, तो ० करून द्यायला हवा. आणि काउंटर फक्त पीरियडच्या सीमेवर पुढे सरकत असेल तर ड्रायव्हरने ‘बॅच’ हा फ्लॅग लावून तसं जाहीर करायला हवं. नाहीतर वरची सॉफ्टवेअरं त्या आकड्यावर नको इतका विश्वास ठेवतात.

यानंतर क्लॉक आणि फॉरमॅट. इथे कोड वाचणं आणि कानाने ऐकणं दोन्ही लागतं, आणि मला या भागाचं मनापासून प्रेम आहे. माझ्याकडे आमच्या गावच्या जत्रेतल्या दशावताराचं एक रेकॉर्डिंग आहे. पायपेटी, मृदंग, झांज, आणि मधे राजाच्या भाषणाआधीची दोन-तीन सेकंदांची शांतता. प्रत्येक नवा बोर्ड मी त्यावर ऐकते, कारण त्यातलं एकेक वाद्य एकेक चूक पकडून देतं.

पेटी दर पकडते. ४८००० साठी मास्टर क्लॉक बहुधा २५६ पट, म्हणजे १२.२८८ मेगाहर्ट्झ. ४४१०० साठी ११.२८९६. पुष्कळ बोर्डांवर एकच क्रिस्टल असतो आणि ड्रायव्हर क्लॉकचा दर बदलायला सांगतो, पण तो खरोखर बदलला का हे बघत नाही. मग ४४१०० ची फाइल ४८००० ने वाजते आणि काळी एकची पेटी पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी जाऊन बसते. बोलण्यात हे पटकन कळत नाही, माणूस जरा घाईत बोलतोय एवढंच वाटतं. कोडमध्ये बघायचं ते हे: क्लॉक-सेट-रेटचं उत्तर तपासलंय का, नंतर क्लॉक-गेट-रेटने खरा दर वाचलाय का, आणि जमत नसेल तो दर हार्डवेअर कन्स्ट्रेंट लावून आधीच नाकारलाय का. वाजवायला घेऊन चुकीचं वाजवण्यापेक्षा ‘हा दर मला जमत नाही’ असं ड्रायव्हरने सांगणं केव्हाही चांगलं.

मृदंगाची थाप तारेवरची मांडणी पकडते. आयटूएस आणि लेफ्ट-जस्टिफाइड या तारेवर डेटा मांडायच्या दोन पद्धती. आयटूएसमध्ये चॅनेलचा क्लॉक पलटल्यावर एक बिट थांबून डेटा सुरू होतो. लेफ्ट-जस्टिफाइडमध्ये लगेच. पाठवणारा लेफ्ट-जस्टिफाइड आणि ऐकणारा आयटूएस असेल तर सगळ्यात वरचा बिट गळतो. बारीक आवाजात त्या बिटात वेगळी माहितीच नसते, त्यामुळे हळू आवाज फक्त ६ डेसिबलने वाढलेला ऐकू येतो आणि चाचणी पास होते. मोठा आवाज मात्र उलटून फाटतो. थापेला ‘फट्’ असा आवाज आला की मी दोन्ही बाजूंचे डीएआय फॉरमॅट (या मांडणीची सेटिंग) शेजारी ठेवून वाचते. तुमच्या संचात इशारा मोठ्यानेच द्यायचा आहे, तेव्हा हे विसरू नका.

फॉरमॅटची दुसरी चूक इतकी नेहमीची आहे की यादीत एस२४-एलई दिसलं की मी डेटाशीट उघडतेच. एस२४-एलई म्हणजे ३२ बिटांच्या शब्दातले खालचे तीन बाइट. हार्डवेअरला वरचे तीन बाइट हवे असतील तर जाहीर करायचं एस३२-एलई, आणि त्यातले २४ बिटच कामाचे हे वेगळं सांगायचं. गल्लत झाली की नमुना ८ बिट खाली बसतो, आवाज ४८ डेसिबलने उतरतो. मग कुणीतरी ॲम्प्लिफायरचा गेन वाढवून ‘दुरुस्त’ करतं आणि पाठीमागे खरखर येते. खरखरीची तक्रार असलेला संच आला तर पाणी बहुतेक वेळा इथेच मुरत असतं.

आणि ती शांतता. ‘ठप्’ हा आवाज शांततेतच पकडता येतो. ॲम्प्लिफायर आधी चालू आणि कोडेकचा बायस नंतर स्थिर झाला तर स्पीकर दणका देतो. बंद करताना क्रम उलटा लागतो: आधी म्यूट, मग ॲम्प्लिफायर, मग कोडेक. ड्रायव्हरमध्ये हे हाताने, एमस्लीपा पेरून केलेलं दिसलं तर विचारा की डीएपीएम का वापरलं नाही. कुठला भाग कधी जागा करायचा आणि कुठल्या क्रमाने, हे ठरवण्यासाठीच ते आहे, आणि विजेचीही बचत करतं. जिथे थांबावंच लागतं तिथे किती मिलिसेकंद आणि डेटाशीटच्या कुठल्या तक्त्यावरून, हे कॉमेंटमध्ये लिहिलेलं असावं. नुसते ५० किंवा १०० असे गोल आकडे दिसले तर ते अंदाजाने टाकलेले असतात असा माझा अनुभव आहे.

मिक्सरवर फार वेळ घालवू नका, तीन गोष्टी बघा. कंट्रोलच्या ‘पुट’ फंक्शनने किंमत बदलली तर १, नाही बदलली तर ० परत द्यायला हवा. नेहमी ० देणाऱ्या ड्रायव्हरमुळे दुसऱ्या ॲपला आवाज बदलल्याचं कळतच नाही. वापरकर्त्याने दिलेली किंमत मर्यादेत आहे का हे तपासलेलं हवं. आणि डेसिबलचा तक्ता शंभराव्या भागात असतो, म्हणजे उणे ६३.५ डेसिबल म्हणजे उणे ६३५०. तिथे उणे ६३५ लिहिलेलं मी दोनदा पकडलं आहे.

रजिस्टर कॅशमध्ये (रजिस्टरांच्या मेमरीतल्या प्रतीत) एकच पण महत्त्वाचं: हार्डवेअर स्वतःहून बदलतं ती रजिस्टरं ‘व्होलाटाइल’ म्हणून नोंदवलेली हवीत, आणि वाचल्याने पुसली जातात ती ‘प्रेशस’ म्हणूनसुद्धा. नाहीतर कुणी डीबगएफएसमधून नुसता डंप काढला तरी इंटरप्ट हरवतो. झोपेतून उठल्यावर रेगकॅश-सिंक (कॅशमधल्या किमती चिपमध्ये परत लिहिणं) होतंय ना तेही बघा. ते नसेल तर संच जागा होतो खरा, पण आवाज मूळ पातळीवर गेलेला असतो.

प्रोब आणि रिमूव्ह, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसला जोडताना आणि सोडताना चालणारी फंक्शनं, शेवटी वाचा. इंटरप्ट नोंदवला त्या ओळीनंतर कुठल्याही क्षणी हँडलर धावू शकतो, त्यामुळे त्याला लागणारं सगळं त्या ओळीच्या वर तयार हवं. डेव्हएमची (कर्नलने आपोआप केलेली) आणि हाताने केलेली साफसफाई यांची भेसळ असेल तर कागदावर उलटा क्रम मांडा. डेव्हएमच्या गोष्टी रिमूव्ह संपल्यानंतर सुटतात. रिमूव्हमध्ये क्लॉक हाताने बंद केला आणि इंटरप्ट डेव्हएमचा असेल, तर मधल्या वेळात आलेला इंटरप्ट क्लॉक नसलेलं रजिस्टर वाचायला जातो, आणि पुष्कळ चिपांवर त्याचा परिणाम म्हणजे सगळा बोर्ड अडकणं. स्टाइलसाठी चेकपॅच चालवा आणि सोडून द्या, त्यावर माणसाची नजर खर्च करू नका.

आता बोर्ड हातात नसल्याचं. मी जे अनेक रिव्ह्यू करते त्यात बोर्ड माझ्याकडे नसतोच. पावसाळ्यात इथे दिवसातून चारदा वीज जाते, तेव्हा मी डेटाशीटची छापील पानं घेऊन पडवीत बसते आणि ते वाचन सगळ्यात चांगलं होतं. तुम्ही करायचं ते हे: तुमच्या मशीनवर पॅच मॉड्यूल म्हणून आणि कर्नलच्या आत असा दोन्ही प्रकारे बांधून बघा, स्पार्स (कोड न चालवता चुका शोधणारं साधन) चालवा, डिव्हाइस ट्रीची स्कीमा तपासणी करा. आणि पुण्याकडून पुरावा मागा. लॉकडेप (लॉकच्या क्रमाची तपासणी), ॲटॉमिक स्लीपची (नको तिथे झोपण्याची) तपासणी आणि डीएमए-एपीआयची तपासणी चालू ठेवलेल्या कर्नलवर तासभर वाजवलेल्या आवाजाचा पूर्ण लॉग. मुद्दाम अंडररन घडवून घेतलेला लॉग. ४४१०० आणि ४८००० आलटून पालटून वाजवण्याआधीचा आणि नंतरचा क्लॉक-समरी. कर्नलच्याच सेल्फटेस्टमधल्या अल्साच्या मिक्सर आणि पीसीएम (आवाजाच्या प्रवाहाच्या) चाचण्यांचं आउटपुट. आणि ऐकू येणारी गोष्ट म्हणून हेडफोनच्या जागी तार लावून केलेलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, ज्यात शांतता पण असेल. हे मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. चांगला लिहिणारा हे आधीच करून ठेवतो आणि विचारल्यावर लगेच पाठवतो.

एवढ्यावर तुम्ही ‘रिव्ह्यूड-बाय’ देऊ शकता. ‘टेस्टेड-बाय’ देऊ नका, ते ज्यांनी बोर्डावर वाजवलं त्यांचं. सगळ्या १४०० ओळी पाहून झाल्या नसतील तर तेही लिहा: ‘पीसीएम, क्लॉक आणि पॉवरचा भाग पाहिला, जॅक डिटेक्शन पाहिलेलं नाही.’ अशा वाक्याने कुणाची किंमत कमी होत नाही, उलट जॅक डिटेक्शन दुसऱ्या कुणीतरी बघावं हे सगळ्यांना कळतं.

ज्येष्ठांना चूक सांगण्याची भीती मला माहीत आहे. माझ्या पहिल्या नोकरीत मी एक लॉकची चूक पाहूनही गप्प बसले होते आणि ती तीन महिन्यांनी ग्राहकाकडे निघाली. तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे: माणसाविषयी नाही, घटनाक्रमाविषयी लिहायचं, आणि तो क्रम इतका नेमका लिहायचा की समोरच्याला तो बोटाने मोजता यावा. ‘इथे क्लॉक चुकलाय’ असं लिहिलंत तर वाद होतो. त्याऐवजी असं लिहा: ‘सर, घंटा ४४१०० ने वाजली, ॲपने डिव्हाइस न सोडता ४८००० मागितलं, तर एचडब्ल्यू-पॅराम्स दुसऱ्यांदा येईल आणि काउंट २ होईल. नंतर एचडब्ल्यू-फ्री एकदाच आलं तर तो १ वर राहील असं मला दिसतं. तो ० वर कुठे येतो ते मला सापडलं नाही.’ तुमचं चुकत असेल तर ते ती जागा दाखवतील आणि तुम्ही काहीतरी शिकाल. बरोबर असेल तर ते पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करतील. दुरुस्त केल्याशिवाय चालणारच नाही अशा गोष्टी आणि ‘जमलं तर करा’ अशा गोष्टी वेगळ्या दाखवा, नाहीतर गोठण्याची चूक नावांच्या सुचवण्यांत हरवते. आणि लॉकसारखी मोठी गोष्ट सापडली तर ती लिहून पाठवण्याआधी सरांना एक फोन करा. दहा वर्षं ज्येष्ठ माणसाला सगळ्यांसमोर वाचायला लागण्याआधी ती तुमच्या तोंडून कळलेली बरी, आणि फोनवर बहुतेक वेळा ते स्वतःच पुढची एक चूक सांगून टाकतात.

कागद आज रात्री करा. डेटाशीट शेजारी ठेवून एचडब्ल्यू-पॅराम्स आणि ट्रिगर उद्या सकाळी, डोकं ताजं असताना वाचा, आणि फॉरमॅट-क्लॉकचा भाग दुसऱ्या बैठकीत घ्या. तुमच्या कागदावर एखाद्या फंक्शनसमोरचा लॉकचा रकाना रिकामा राहिला तर ते फंक्शन आणि त्याला बोलावणारा कोड मला पाठवा, आपण दोघं मिळून बघू.